पिवळ्या वायरींच्या गाठी

तीर्थरूप मामांस,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (खरोखरचा साष्टांग. एक स्क्रू पलंगाखाली घरंगळला म्हणून मी इथे पालथी पडले आहे, म्हटलं आलेच आहे तर पत्रही उरकावं.) तुमची कंबर कशी आहे? मामींनी शिडी चढायची परवानगी दिली का? इकडे सगळे खुशाल, काही जळलेलं नाही, कुणाला शॉक बसलेला नाही. हे आधीच सांगते, कारण माझं पत्र आलं की तुम्ही चष्म्याआधी पक्कड शोधता असं मामी सांगतात.

आमच्या शाळेत सोमवार ते शनिवार रोबोटिक्सची कार्यशाळा होती. तुम्हीच बाबांशी वाद घालून मला तिथे पाठवलंत, पण तुम्ही गेल्यावर बाबांनी जी अट घातली ती तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही वाढदिवसाला दिलेली हत्यारांची पेटी बेलच्या प्रकरणापासून आईच्या कपाटात कुलूपबंद आहे. (मी दुरुस्त केल्यावर बेल उत्तम वाजत होती. फक्त ती स्वयंपाकघरातला दिवा लावला की वाजायची. आठवडाभर आई दर संध्याकाळी दार उघडून रिकाम्या जिन्याकडे बघत होती.) तर अट अशी, की शनिवारी पालकांसमोर माझं यंत्र टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट चाललं तर पेटी परत, नाहीतर ती शेजारच्या काकांना. ते तिच्यातल्या हातोडीने अक्रोड फोडतील, मामा! मला अक्षरशः रडू आलं होतं.

जोडीदार म्हणून मला मिळाली टापटीप. (खरं नाव वेगळं आहे, पण पेन्सिली उंचीप्रमाणे लावणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणणार?) तिची आई शिवणकाम करते. आमचं यंत्र म्हणजे एक जेवणाचा डबा, त्याच्या पोटात बॅटरी आणि दोन मोटारी, खाली चाकं, आणि पुढे जमिनीकडे बघणारा एक सेन्सर. टेबलावर चिकटवलेल्या काळ्या पट्टीवरून त्याने आपलं आपण चालायचं. सोमवारी सोल्डरिंग झालं, म्हणजे वितळलेल्या कथलाच्या ठिपक्यांनी जोडकाम. तिचे ठिपके मोत्यासारखे, माझे बघून सरांनी विचारलं, यावर कावळा बसला होता का? मंगळवारी मी बॅटरी उलटी जोडली आणि सेन्सर धूर सोडून वारला. (वर काही जळलेलं नाही म्हटलं ते घरातलं.) सरांनी दुसरा दिला आणि बजावलं, "हा शेवटचा. हाही जाळलात तर शनिवारी डब्यात पोहे भरून आणा."

बुधवारी बघतो तर लाल आणि काळ्या वायरी बाकीच्यांनी पळवलेल्या, आमच्या वाट्याला नुसतं पिवळं रीळ. सर म्हणाले, प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावा, नाहीतर अधिक कुठली आणि उणे कुठली ते कळणार नाही. मी मान ताठ करून म्हटलं, आमच्या घराण्याची वेगळी पद्धत आहे. म्हणजे तुमचीच हो: हाताला येईल ती वायर घ्यायची आणि अधिकवाल्या वायरीला गाठ मारायची. डब्याला तीन भोकं, प्रत्येकातून दोन पिवळ्या वायरी बाहेर येऊन झाकणावरच्या सर्किटला स्क्रूने जोडलेल्या, त्यातल्या एकीला गाठ. झाकण गोंदाने पक्कं. गुरुवारी यंत्र चाललंसुद्धा! शुक्रवारी मला दात दाखवायला लवकर जावं लागलं, टापटीप आवरायला थांबली, आणि इथेच घोडं पेंड खातं.

शनिवारी सकाळी तिने हसतमुखाने डबा पुढे केला. "किती गुंता करून ठेवला होतास गं! सगळा सोडवला बघ." त्यांच्या घरी गाठ दिसली की उठता-बसता सोडवायची, असा शिरस्ता आहे. तिने स्क्रू ढिले करून वायरी काढल्या, तिन्ही गाठी सोडवल्या, वायरी सरळ केल्या आणि टोकं तशीच मोकळी ठेवली, कारण जोडणं हे माझं खातं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. अधिक-उणे दाखवणारं मीटर सरांच्या खिशात, सर फाटकावर पालकांना आणायला गेलेले, आणि पालकांमध्ये बाबा सगळ्यांच्या पुढे. अंदाजाने जोडावं तर शेवटचा सेन्सर. मी तिच्यावर ओरडले, त्या गाठी नव्हत्या, माझी पेटी होती ती! तिला काही कळेना, डोळे मात्र भरले. मग मला ती पद्धत सांगावी लागली, जी मी बुधवारपासून तिला एकदाही सांगितली नव्हती. (चूक माझीच. हे फक्त तुम्हाला लिहिते आहे.)

ऐकून तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "एवढंच ना?" तिने डोळे मिटले, एकेक वायर चिमटीत धरून तिच्यावरून नख फिरवलं. उसवलेल्या कापडात जुना टाका कुठे होता ते तिला बोटांनी कळतं. "हिला होती. हिला नव्हती." गाठ सुटली होती, पण वायरीत बारीकसा वळ राहिला होता! सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आई माझ्याबद्दल दिवसातून दोनदा म्हणते, पण ती म्हण मला पहिल्यांदाच आवडली. गाठी पुन्हा मारल्या, स्क्रू आवळले आणि पालक टेबलाभोवती जमल्यावर बटण दाबलं. धूर नाही. यंत्र निघालं, वळणावर जरा घुटमळलं, टोकापर्यंत गेलं आणि तिथून थेट बाबांच्या हातात पडलं, कारण थांबायचं कसं हे आम्ही त्याला शिकवलंच नव्हतं. बाबांनी ते झेललं आणि "हं" म्हणाले. बाबांचं "हं" म्हणजे इतरांचा हारतुरा. माझा जीव भांड्यात पडला, मामा. टापटीपला मी इतकी घट्ट मिठी मारली की तिची वेणी विस्कटली, आणि तिने ती चक्क तशीच राहू दिली.

घरी आल्या आल्या आईने कुलूप उघडलं. पेटी आता माझ्या शेजारी आहे.

मामींना नमस्कार, कंबरेला जपा.

तुमची,
पेटीवाली भाची

ता. क. : पत्र आजच शेजारच्या काकांच्या हाती धाडते आहे. उद्या रविवारी तुम्ही सहज येणार आहात का? म्हणजे अगदी सहजच. मीटर आणलात तर बरं.

ता. क. दुसरा : पेटी मिळाल्याच्या आनंदात मी आईचं वॉशिंग मशीन उघडलं. (प्लग काढून, शप्पथ.) या वेळी शहाण्यासारखं सरांचं ऐकलं, गाठी न मारता वायरींना शाईने लिहिलेल्या चिठ्ठ्या लावल्या. मशीनमध्ये पाणी उरलं होतं. आता सोळा पांढऱ्या वायरी आहेत, सोळा निळे डाग आहेत, आणि वळ एकीलाही नाही. आत बाबांचा सोमवारी घालायचा शर्ट आहे. मामींना सांगा, शिडी चढायची नाही, फक्त वाकायचं आहे.