मोजलेली गिऱ्हाइकं

सोमवार, ४
गाळा घ्यायचं ठरतंय! रस्त्यालगतचा, आत चपलांचं दुकान चालू. भाडेकरूसकट मिळतोय, म्हणजे भाडं घरबसल्या! लेकाची कंपनी बंद पडून आठ महिने झाले, आज पहिल्यांदा पोटभर जेवला. दलाल म्हणाला, "आजी, भाडेकरू सोन्यासारखा. सहा वर्षांचा करार!" सूनबाई मात्र फुगलेली. गाळ्यासाठी हे राहतं घर विकायचं ना. घर दोघांच्या नावावर, तिच्या सहीशिवाय काही व्हायचं नाही. लेक समजावत होता — "आपण भिंती घेत नाही गं, त्या माणसाचा चालता धंदा घेतोय. तो टिकला की आपण टिकलो."
"आणि नाही टिकला तर?"
तीन महिने आधी कळवून त्याला केव्हाही निघून जाता येतं म्हणे. करारातच लिहिलंय. लिहिणाऱ्याला काही कामधंदा नव्हता का!

मंगळवार, ५
राहवेना. बागेतल्या बाकावरच्या पाचजणींना घेऊन गाळा बघून आले. दुकानदार किती गोड बोलतो! पंखा आमच्याकडे वळवला. आम्ही दहा-बारा जोड घालून बघितले, घेतला एकीनेही नाही. आमच्यातल्या थोरलीचा पाय सुजलेला, चप्पल अडकली ती निघेचना — हसून हसून पुरेवाट. मी कोण ते त्याला सांगितलं नाही. उगाच बिचारा दबून वागायचा.

बुधवार, ६
आज आठजणी. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आता रोज जायचं ठरलंय. गुडघे दुखतात, दुखू देत.

शुक्रवार, ८
आज माझ्या मापाचा जोड मागितला. तो शिडीवर चढला, वरचा खोका काढला. रिकामा. शेजारचा काढला. तोही रिकामा. "माल यायचाय, आजी," म्हणाला. पण खाली उतरेना. खोका छातीशी धरून तसाच उभा.
पुढच्या रांगेत तेवढा माल, मागे नुसते खोके. मला नवीन नाही हे. ह्यांचं कापडाचं दुकान बुडत होतं तेव्हा हेसुद्धा लाकडी फळीला वरून एकच वेढा कापडाचा द्यायचे आणि भरलेले तागे म्हणून ओळीने लावायचे. वर्षभर लावले. त्या फळ्या मीच पुसायचे.
लेकाला सांगितलं नाही. सकाळी दाढी करताना गुणगुणत होता. किती दिवसांनी!

शनिवार, ९
गेले नाही. पाय दुखतात म्हणून बाकीच्यांना सांगितलं. त्या माझ्याशिवायच गेल्या, मेल्या. चटक लागली.

रविवार, १०
सूनबाई तयार झाली! लेकाने समोरच्या चहावाल्याकडून आठवडाभर दुकानात शिरणारी माणसं मोजून घेतली होती म्हणे. मला कुणी सांगितलं? कागद तिच्यापुढे ठेवला — "बघ, दिवसाला वीसेक गिऱ्हाइकं. बहुतेक वयस्क बायका, पण त्याच त्याच परत येतात!"
सूनबाई म्हणाली, "बायका परत येतात म्हणजे दुकान पक्कं. मी उगीच खोडा घालत होते." मग स्वतःहून मला वाढलं. त्या बायका म्हणजे आम्हीच की!
उद्या अकरा वाजता सह्या.

सोमवार, ११
सकाळी लेकाला जिन्यात गाठलं. रिकामे खोके, आम्ही आठजणी, दोन-दोन फेऱ्या — सगळं सांगून टाकलं. रागावेल वाटलं. तो बुटाची नाडी बांधत राहिला.
"चहावाल्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आई. म्हणाला, यात तुमच्या मातोश्री आहेत. मी म्हटलं, त्यांनाही मोज."
त्याने दुसऱ्या बुटाची नाडी ओढली.
"याहून बरा गाळा आपल्याला झेपत नाही. आणि मला आता रिकामं बसवत नाही गं. हिला यातलं काही सांगू नकोस."
तेवढ्यात वरून सूनबाईची हाक — "आई, सहीला चांगलं पेन आहे का हो तुमच्याकडे?"
दिलं.