थांबणारा हात

३ नोव्हेंबर, सोमवार

युनियनची गेटसभा. चाळीस मिनिटं बोललो. टाळ्याच टाळ्या! घसा अजून जळतोय.

वाइंडिंगमधल्या, म्हणजे तारेच्या कॉइल गुंडाळतात त्या विभागातल्या, अनुसयाबाईंचा विषय घेतला. उमरेडच्या विणकर घरातल्या. हातमाग बंद पडला म्हणून पाच महिन्यांपूर्वी आमच्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात आल्या, अजून कायम नाहीत. दिवसाला नऊ कॉइल व्हायला हव्यात, त्यांच्या सहाच होतात. फोरमन ईश्वरदासनं ताकीदपत्र दिलंय — २९ तारखेच्या आत नऊ, नाहीतर घरी! मी त्यांना पुढे बोलावलं, त्यांचा हात धरून उंच केला. "बघा! या हातांची ही किंमत!" इतिहास, कायदा, जे जे वाचलंय ते सगळं ओतलं.

त्यांनी पदर तोंडावर घेतला. मला वाटलं, गहिवरल्या.

४ नोव्हेंबर

अनुसयाबाई कामावर नाहीत.

६ नोव्हेंबर

आल्या. पाच कॉइल. मला पाहून वाट बदलली.

त्यांच्या शेजारच्या मशीनवर प्रेमिलाबाई असतात, जुन्या कामगार. डब्याच्या सुट्टीत त्यांनी मला झापलं — "काहून हो भाऊ, साऱ्या कंपनीसमोर तिले कच्ची म्हणून उभी केली? आता सारे तिले 'सहावाली' म्हणून राहिले!"

घरात चार कपाटं पुस्तकं. आणि एका बाईचा पदर वाचता आला नाही मला.

१० नोव्हेंबर

स्टोअरमधून तांब्याच्या तारेची रिळं द्यायला वाइंडिंगमध्ये गेलो. थांबून पाहिलं. तारेच्या दोन थरांमध्ये कागद असतो. तो जरासा फाटला तर बाकीचे वर पट्टी चिकटवतात आणि मशीन चालूच. अनुसयाबाई मशीन थांबवतात. वेढे उलगडतात, नवा कागद घालतात, पुन्हा गुंडाळतात. मागावरची सवय — सूत तुटलं की आधी जोडायचं, मगच पुढे. नाहीतर दोष साडीभर धावतो.

त्यात आता हात थरथरतात. थरथरीनं कागद आणखी फाटतो. पुन्हा थांबणं. पुन्हा उलगडणं.

मी उभ्या उभ्या मनात भाषण जुळवत होतो. दुसरं येतं काय मला?

१३ नोव्हेंबर

आज पाहिलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

अकराच्या सुमारास अनुसयाबाईंनी पिशवी उचलली. "जातो मी, बाई. नाही जमत."

प्रेमिलाबाईंनी मशीनवरची नजरही हलवली नाही. "जाय. पण एक आयकून जाय वं. तू थांबते ना, म्हणून तुही एकबी कॉइल टेस्टिंगमधून वापस नाही आली. पाच महिन्यांत! माह्या अकरा आल्या."

"एकबी नाही?"

"एकबी नाही."

बस, एवढंच! अनुसयाबाई उभ्याच राहिल्या. मग पिशवी खाली ठेवली. मान सरळ झाली. दोनशे माणसांसमोर मी उंच धरलेला तोच हात — आता स्थिर! माझ्या डोळ्यांदेखत!

संध्याकाळी सात कॉइल.

वीस वर्षं माईकवर बोलतोय. असं कुणाला एकदा तरी उभं केलं होतं का मी?

१५ नोव्हेंबर

आठ.

२० नोव्हेंबर

नऊ! कागद फाटतच नाही आता. कुणीतरी सवयीनं "ए सहावाली" म्हणालं. अनुसयाबाई गर्रकन वळल्या — "सहावाली तुही सासू!" अख्खं वाइंडिंग हसलं. मी हसता हसता डोळे पुसले.

२९ नोव्हेंबर, शनिवार

कायम झाल्या! ईश्वरदासनं कागद दिला आणि लगेच पाठ फिरवली. दगड माणूस.

सोमवारच्या गेटसभेचं भाषण काल लिहून झालंय. आठ पानं. ईश्वरदासचं नाव बारा वेळा. सुट्टी होताना प्रेमिलाबाईंना गाठलं — मंचावर या, तुमचं ते वाक्य सर्वांना सांगा.

"ते माह्यं नोय, भाऊ."

"मग कोणाचं?"

"कोणाच्या किती वापस आल्या, मले काय मालूम? टेस्टिंगच्या चिठ्ठ्या ईश्वरदास साहेबाजवळ रायते. त्यानंच पाच महिन्यांच्या चाळल्या. मले म्हणे, तू सांग तिले. मी सांगतलं तर तिले ताकीदच वाटन."

"आणि ताकीदपत्र?"

"वरून आलं. सही तेवढी त्याची."

वरच्यांशी भांडण आहे, ते राहणारच. पण हा माणूस! सांगायला कुणाचं तोंड हवं, तेही त्यानं नीट निवडलं. आपलं तोंड कामाचं राहिलं नाही हे त्याला कळलं होतं. ते तसं होण्यात माझ्या वीस वर्षांच्या भाषणांचाही हात आहे.

१ डिसेंबर

गेटवर बोललो नाही. आत गेलो. ईश्वरदासजींच्या टेबलासमोर उभा राहिलो. एक वाक्य हवं होतं. सापडेना — मला!

त्यांनी चिठ्ठ्यांवरून मान न उचलता पायानं स्टूल माझ्याकडे सरकवलं.