बुलढाण्याले बिनकामाचं

मेहकर
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय अनुपमास,
ताईचे अनेक आशीर्वाद. मी रागावून लिहून राह्यली. फोन केला असता, पण तुमच्या घरी फोन स्पीकरवर असते अन् माझ्या बोलण्याले उत्तर तुझ्या सासूबाई देतात.

दिवाळीत आपलं काय ठरलं होतं? तू रोहिणखेडहून, मी मेहकरहून, अर्ध्या तिकिटात बुलढाण्याले जायचं. थंड हवेत हिंडायचं, जुने बंगले पाहायचे, दुसऱ्याच्या हातचा चहा प्यायचा. अन् आता तू कळवतेस की सासूबाईचे डोळे दाखवायचे, तुझ्या पोराचा, दीपकचा, दाखला आणायचा, चुलतसासऱ्याकडे तुरीची डाळ पोचवायची! ही सहल हाये का हमाली? इंग्रज साहेब तिथं हवा खायले राहत, अन् आपण झेरॉक्स काढायले जातो.

माझ्या घरचेही काही कमी नाहीत. तुझे भाऊजी म्हणाले, जातेच हायेस तर कोर्टातली तारीख विचारून ये. मी तोंडावर सांगितलं, जमणार नाही.

आपली माय बुलढाण्याले दोनदाच गेली. एकदा वावराच्या केससाठी, एकदा दवाखान्यात. पहिल्या खेपेले घाटातून डोंगर पाहून म्हणाली होती, इथं एकदा बिनकामाचं आलं पाहिजे. दुसऱ्या खेपेले गेली ते परत आलीच नाही. मले तिच्यासारखं राहून जायचं नाही, अनु. काम घेऊन येणार असशील तर येऊच नको.

जीव हाये म्हणूनच एवढं तोंड सोडलं. तुझाही जीव तसाच राहू दे.
तुझी ताई,
सत्यभामा


रोहिणखेड
१२ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून आधी रडली, मग तुझ्यावरच संतापली. तुले काय, तुझ्या हाताखाली दोन सुना हायेत. इथं मी नसली तर कोणी साधा भातही लावत नाही.

तरी ह्यांना सांगितलं, की मले बिनकामाचं जायचं हाये. तर म्हणाले, बुलढाण्याले बिनकामाचं कोण जाते, डोकं फिरलं काय तुझं? दीपक तर फिदीफिदी हसला. त्या हसण्यानं माझं डोकं खरंच फिरलं. त्याले म्हटलं, काऊन हसतोस बे? तुले गाडी हाये, पाय हायेत, तुझा दाखला तूच आण. ह्यांना म्हटलं, माय तुमची हाये, डोळे तुम्हीच दाखवा.

दोघंही तणतणले. पण परवा सोमवारी हे स्वतः सासूबाईले घेऊन गेले. दिवसभर रांगेत उभे राहून आले, चहासुद्धा मिळाला नाही म्हणे. मले काडीचंही वाईट वाटलं नाही.

मी २० तारखेच्या गुरुवारी सकाळच्या गाडीनं येते. स्टँडवर थांब. भाऊजींच्या तारखेसाठी कोर्टाकडे वळलीस, तर मी तुले ओळखही दाखवणार नाही. घाटात खिडकीशी बसणार हाये, मायच्या वाटणीचं पाहून घेईन.

माझ्या हातात पिशवी नसेल. रिकामीसुद्धा नाही. रिकामी दिसली की कोणीतरी भरून देते.

माया आहेच, ती गुरुवारी समोरासमोर वाढवू.
तुझीच,
अनु