विचारल्याशिवाय मोटार नेऊ नये

देऊळघाट,
२४ नोव्हेंबर १९४६

प्रिय आई,

तुला वरवट बकालला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. एवढे दिवस मी पत्र लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं नेमकं काही घडलं नव्हतं. आता घडलं आहे. तू परत येणार की नाही, हे मी विचारत नाही. शेजारची सोजराबाई मला रोज विचारते. मी रोज तिला ‘माहीत नाही’ सांगते, आणि ते खरं आहे.

भांडण झालं तेव्हा मी माडीवर होते, त्यामुळे ऐकलं सगळं. बाबा एवढंच म्हणाले होते, की यापुढे विचारल्याशिवाय कोणी मोटार नेणार नाही. त्यांचंही अगदीच चुकलं नव्हतं. उकंडमामांनी त्यांच्या घरच्या गेल्या लग्नात मोटार न सांगता नेली. परत आणली तेव्हा मागच्या बसायच्या जागेवर हळदीचे अकरा पंजे होते, आणि पुढच्या दिव्यात अक्षता. दिव्याच्या बंद काचेआड त्या कशा गेल्या, हे मला अजून कळलेलं नाही. पण तू म्हणालीस, “माहा भाऊ ‘कोनी’ हाय का?” बाबा गप्प बसले. हो म्हटलं असतं तर भांडण वाढलं असतं, नाही म्हटलं असतं तर मिटलं असतं. गप्प बसले म्हणून तू प्रवाशांची सर्व्हिस मोटार धरून माहेरी गेलीस.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. “मनू, नागपूरले तीन वर्स वीज शिकली न तू? मंग असं कर. आपल्या मोटारले कोनं हात लावला, का ते बोंबललं पायजे.” मला वाटलं रागात बोलतात. पण त्यांनी खरंच बुलढाण्याहून अब्दुल गनी मिस्त्रींना तारेचं वेटोळं घेऊन बोलावलं.

काम अवघड नव्हतं. बॅटरीतून तार भोंग्यात येते, भोंग्यातून सुकाणूवरच्या बटणाकडे. बटण दाबलं, की तार गाडीच्या लोखंडाला टेकते आणि भोंगा वाजतो. मी चारही दारांना पितळी पट्ट्या बसवल्या. दार उघडलं की पट्टी लोखंडाला टेकते, म्हणजे बटण दाबल्यासारखंच. पण चोरानं दार परत लावलं तर भोंगा थांबेल. म्हणून होस्टेलमधून आणलेल्या मोडक्या विजेच्या घंटीचं कॉइल मधे घातलं. त्याच्या लोहचुंबकाला पट्टी एकदा चिकटली की दार लावलं तरी सुटत नाही. मग भोंगा बंद करायला एकच उपाय, लपवलेला खटका. आपली मोटार उघडी, कापडी छताची, त्यामुळे दारावरून हात आत घालून तो खटका आधी फिरवायचा आणि मग दार उघडायचं. मिस्त्रींनी सगळी जोडणी तपासली आणि म्हणाले, “बेटी, भोंगा तो बजेंगा. मगर सुननेवाला क्या समझेंगा, ये भी सोची क्या?” हा प्रश्न विजेचा नसल्यामुळे मी सोडून दिला. ती माझी चूक.

या दिवसांत बाबा मोटार रोज पुसतात. जेवायला बसताना मला तुझा पाट मांडायला सांगतात, आणि मग म्हणतात, “चुकून सांगतलं.” आत्तापर्यंत चौदा वेळा चुकून सांगितलं आहे. मी केलेलं पिठलं ते न बोलता खातात. तू असताना मिठाची चिमूटभर चूकसुद्धा अख्ख्या गल्लीला ऐकू जायची. यावरून काय समजायचं ते तू समज. मी फक्त नोंद करते.

तर बुधवारी दुपारी मामा आले. सोबत कडूबा, मोटार चालवता येणारा त्यांचा गडी. मला सांगितलं, तुझा चष्मा न्यायला आलो. तू जाताना चष्मा तुझ्या नाकावरच होता, हे मी पाहिलं होतं. बाबा कापसाच्या वेचणीवर मळ्यात होते. मी आत पाणी आणायला गेले, तेवढ्यात मामांनी कडूबाला खूण केली आणि दार उघडलं.

आवाज उत्तम आला. मला समाधान वाटलं, हे मान्य करते. पण मिस्त्री काय म्हणत होते ते तेव्हा कळलं. आई, या गावात मोटार एकच, आणि तिचा भोंगा लोकांनी कधी ऐकला? लग्नात. नवरदेव वेशीवर आला की. चोर पकडायला म्हणून कुणी आलंच नाही. सोजराबाई आरतीचं ताट घेऊन आली, तिच्यामागे आणखी पाच-सहा जणी. फकीर मोहम्मद सनई घेऊन धावत आला आणि धापा टाकत वाजवायला लागला. कोणाचं लग्न, हे कुणी विचारलं नाही. मामा मोटारीत उभे, कडूबा भोंग्यावर पागोटं दाबून बसलेला. सोजराबाईनं मामांना कुंकू लावलं, अक्षता लावल्या आणि मागे वळून म्हणाली, “नवरदेव म्हातारा हाय वं बायांनो! पोरगी कोनाची देली याले?” मागून कोणी तरी म्हणालं, “नवरदेवाचं जाऊ दे, करवलीची दाढी पाय!” तो कडूबा. मामा भोंग्याच्या वर ओरडत होते, “अवं मी मामा हाय, मामा!” भोंग्यात सोजराबाईला ‘मी हाय’ एवढंच ऐकू गेलं; ती म्हणाली, “मंग मुंडावळ्या कुठं हायत?” आणि ओवाळलं. शेवटी मामांनी ताटात ओवाळणी टाकली, तेव्हा कुठे ती बाजूला झाली.

मला खटका बंद करायला सात मिनिटं लागली. तो कुठे आहे ते आठवत नाही, असं मी मामांना सांगितलं. तो मीच बसवला आहे.

तेवढ्यात बाबा मळ्यातून पळत आले, हातात तुतारी, बैल हाकायची आरीची काठी. चोराच्या जागी त्यांना कुंकवानं माखलेला मेव्हणा दिसला. ते मोटारीच्या पायरीवर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. हसून झाल्यावर म्हणाले, “उकंडराव, मांगतली असती तं देली नसती का?” मामा कपाळ पुसत म्हणाले, “मांगाची काय गोष्ट हाय? आमी तं तुमाले बहीन देली हाय!” बाबा म्हणाले, “देली न? मंग वापस काऊन नेली?” यावर मामांनी पुन्हा कपाळ पुसायला घेतलं. सनई चालूच होती. जाताना मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, “ताई तिकडं बरी नाही वं. दिवसभर रस्त्याकडं पाहून राह्यते.” ही नोंदही मी करून ठेवली.

पत्राचं कारण आता. येत्या गुरुवारी बाबा मोटार घेऊन वरवटला येत आहेत. मामांच्या मुलीच्या लग्नासाठी ती द्यायची आहे; बुधवारी मामा तिच्यासाठीच आले होते. “मोटार येऊन राह्यली, एवढंच लिही,” असं त्यांनी मला सांगितलं. एवढंच लिहायचं असतं तर पोस्टकार्ड पुरलं असतं. शुक्रवारी त्यांनी मला खटका काढून दुसरीकडे बसवायला लावला. आधी तो सुकाणूखाली, त्यांच्या हाताशी होता. आता डावीकडच्या जागेखाली आहे, जिथे तू बसतेस. दीड हात तार जास्त लागली, आणि त्यांना मोटारीत बसण्याआधी दर वेळी पूर्ण वळसा घालून तुझ्या बाजूला यावं लागतं. ही जोडणी चुकीची आहे, असं मी स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, “तिले सापडलं पायजे. बाकी कोनाले नाही.” मामांच्या दारात मोटार उभी करून बाबा खटका परत चालू करतील, तेव्हा दार आधी उघडू नकोस. दारावरून हात आत घाल, जागेच्या पुढच्या कडेखाली खटका लागेल, तो उजवीकडे फिरव. की आधी दारच उघडायचं, ते तू ठरव. बॅटरी मी आज पूर्ण भरून घेतली आहे, भोंग्याला अर्धा तास सहज पुरेल.

तुझीच,
मनकर्णा