दुपारपाळीचा चार्ज

सोमवार, ३ नोव्हेंबर

आले बाई एकदाची पुण्यात! तीन वर्षं नंदुरबारला काढली, आता रोज संध्याकाळी कर्वेनगरला, माझ्या घरी, माझ्या संस्कृतीपाशी. पोर सहा वर्षांची झाली, आणि निम्मं आयुष्य तिने आई फोनवरच पाहिली. आज तिची वेणी मी घातली. वाकडी झाली, तरी तिने सोडू दिली नाही. नवऱ्याने, रणजितने, चेष्टा केली की लेखापरीक्षक बाईंनी आधी घरातला दोष दुरुस्त करावा.

पहिलं काम विश्रांतवाडीच्या पुढच्या एका सरकारी रुग्णालयाचं. मंजूर पदं किती, भरलेली किती, पगार कुणाकुणाचा निघतो ते तपासायचं. साहेबांनी स्वागत केलं ते असं: नंदुरबारचा वेग इथे चालणार नाही, आणि चहा आपापला सांगायचा. पुण्यात आल्याची खात्रीच पटली.

बुधवार, ५ नोव्हेंबर

निम्मी पदं रिकामी. त्यात नवल नाही, सगळीकडे तेच. नवल आहे मुलांच्या वॉर्डाचं. तिथलं दुपारपाळीच्या नर्सचं पद सोजरबाई नावाच्या जुन्या नर्स वारल्यापासून भरलेलंच नाही. बाई ड्यूटीवरच गेल्या, खुर्चीत बसल्या बसल्या. पाळी संपल्यावर त्यांना सोडवायला यायची ती पुढची नर्स त्या दिवशी आलीच नव्हती, आणि सोडवणारं कुणी आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही हा बाईंचा बाणा.

मग दुपारी वॉर्ड बघतं कोण? मुख्य नर्स सरोजिनीबाई म्हणाल्या, होतं कसंतरी. पण वॉर्डातली तापलेली पोरं एकजात सांगतात की दुपारच्या सिस्टर फार चांगल्या, वेळेवर औषध देतात, कपाळावर गार हात ठेवतात. उशाशी बसलेल्या त्यांच्या आयांनी मात्र अशी कुणी पाहिलेली नाही.

पगार उचलून काम न करणारे मी ढिगाने पाहिलेत. काम करून पगार न उचलणारं कुणी, हे पहिलंच!

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

अहवाल दिला. वॉर्ड त्या पदावाचून व्यवस्थित चालतो, सबब पद रद्द करावं. साहेब खूश. सरोजिनीबाई मात्र हात धुऊन मागे लागल्या. तेवढं एक पद राहू द्या म्हणाल्या, पद आहे तोवर कधीतरी कुणीतरी त्यांना सोडवायला येईल. कुणाला, विचारलं तर नोंदवही उघडून औषधं मोजायला लागल्या. भावनेला तरतूद नसते, असं मी तोंडावर सांगितलं. नंतर जरा वाईट वाटलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

सकाळपासून अंगात कसकस. तरी औषधांचं कपाट तपासायला दुपारी मुलांच्या वॉर्डात गेले. टेबलाशी पांढऱ्या साडीतल्या वयस्कर बाई बसल्या होत्या, चेहरा दमून गेलेला. मी कपाटाच्या किल्ल्या मागितल्या. त्यांनी त्या माझ्या तळहातावर ठेवल्या, सुटले गं बाई म्हणाल्या, चपला पायात सरकवल्या आणि निघून गेल्या. जवळच्या खाटेवरच्या छोट्या समर्थने विचारलं की आता तुम्ही का सिस्टर.

सरोजिनीबाईंना सांगितलं तर त्यांनी आधी माझ्या हातातल्या किल्ल्या पाहिल्या. आमच्यात किल्ल्या हातात घेतल्या म्हणजे चार्ज घेतला, म्हणाल्या. सोडवायला दुसरं कुणी येईपर्यंत मग हलता येत नाही. सोजरबाई दिसतात त्या फक्त अंगात ताप असलेल्याला. ताप उतरला की पोरं त्यांच्या आरपार बघतात. मला हसूच आलं. मला ताप आहे हे मी सरोजिनीबाईंना सांगितलं नव्हतं.

बोलता बोलता त्यांची नजर माझ्यावरून सरकली. मॅडम, अहो मॅडम, अशा हाका मारत त्या वॉर्डभर फिरल्या. मी समोरच उभी होते.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

फाटकापर्यंत जाता येतं. पाऊल बाहेर टाकलं की पुन्हा खुर्चीत. किल्ल्या खिडकीतून भिरकावल्या, त्या परत कमरेला. घरी फोन लागतो, पण माझा आवाज पोचत नाही. रणजित नुसता हॅलो हॅलो करतो. मागे संस्कृती रडत होती, आई कधी येणार म्हणून.

शनिवार, १५ नोव्हेंबर

रणजित आला होता, पोलिसांना घेऊन. त्याची बाही माझ्या खांद्याला घासून गेली. घसा बसेस्तोवर ओरडले. त्याने खिशातून माझा फोटो काढला आणि सगळ्यांना दाखवत— नाही लिहवत.

पोरांना औषधं द्यावी लागतात. हात आपोआप चालतात. पोरं मला सिस्टर म्हणतात.

गुरुवार, २० नोव्हेंबर

पद रद्द झालं. माझ्या हाताखालची निकिता आदेश घेऊन आली. डोळे सुजले होते तिचे. म्हणजे आता इथे कुणी येणार नाही. कधीच नाही. शिफारस माझीच. माझीच—

सोमवार, २४ नोव्हेंबर

संस्कृती आली!

रणजितच्या खांद्यावर, तापाने फणफणलेली. टायफॉइड. आई गेल्यापासून नीट जेवत नव्हती म्हणे, आणि आईच्या दवाखान्यातच न्या म्हणून हट्ट धरला होता. डोळे उघडले आणि थेट माझ्याकडे बघून— आई. आई म्हणाली! रणजितला वाटलं बरळतेय. माझं बोट धरून झोपली. देवा. माझी सोनी ती.

बुधवार, २६ नोव्हेंबर

ताप उतरतोय. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत घरी. रणजित आनंदाने रडला.

मलाही आनंद झालाय. झालाय ना.

मघाशी विचारत होती, आई, तू पुसट का दिसतेस—

गुरुवार, २७ नोव्हेंबर

दुपारचं औषध. माझ्या पाळीतलं. बाटली हातात आहे. तिची नजर मला शोधतेय— इकडे गं, इकडे—

नाही दिलं तर कुणाला कळणार. पद नाही, नर्स नाही, जाब कुणाला विचारतील. एक दिवस. एकच दिवस जास्त—

छे. काय लिहितेय मी. आई आहे मी तिची. देते. चमचा भरलाय. तिने तोंड उघडलंय. हात पुढे का जात—

औषध परत बाटलीत ओतलं. उद्या देईन. उद्या नक्की.

तिचं कपाळ पुन्हा तापायला लागलंय. आणि ती माझ्याकडे बघून हस—