हसुरामचं इंजिन आणि माझी कानस

१२ नोव्हेंबर १९५७, मंगळवार
भांगाचे दिवस. पाण्याला ओढ नाही, म्हणून जाळी लागत नाहीत आणि वेसाव्याच्या होड्या किनाऱ्याला पडून. हसुरामने होडीचं इंजिन सोडवलं, सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि थेट माझ्या खोलीच्या दारात आणून ठेवलं. शाळेत एका बाकावर होतो, त्यामुळे नमस्कार-चमत्कार नाही.
"बाल्या, ह्याला पलव. चुलत्याची होरी रोज माजे आदी येते."
चुलत्याचं इंजिन मोठं, ह.चं एका सिलिंडरचं. जो आधी येतो त्याची मासळी आधी बाजाराला लागते. म्हटलं, पळवतो. तोंडातून चटकन निघून गेलं.
सुधा: "अहो, हे इथे? पानं कुठे मांडू?"

१३ नोव्हें., बुध.
कारखान्यातून येऊन हेड, म्हणजे वरचं झाकण, खोललं. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या. एकीतून तेल मिसळलेल्या पेट्रोलची हवा येते, दुसरीतून धूर जातो. पिस्टन, म्हणजे दट्ट्या, वरखाली होताना त्या उघडतो, झाकतो. बाकी काही भानगड नाही. धुराची खिडकी वरच्या अंगाने वाढवली की धूर लवकर सुटतो, इंजिन जास्त फिरतं. कारखान्याच्या शेटची मोटारसायकल गेल्या साली अशीच पळवली होती. शेट अजून नाव काढतो.
ह.ला अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, कबूल केलंय. त्याहून जास्त नाही.

१५ नोव्हें., शुक्र.
जेवणाच्या सुट्टीत सिलिंडर शिकंज्यात धरला. पेडणेकरमामा, आमचे लेथवरचे, डबा खाता खाता बघत होते.
"मेल्या, कानशीन काढलेला लोखंड परत येणा नाय, हां."
"ठाऊक आहे हो मामा."
अर्धा सूत झाला. थांबायला हवं होतं. पण कानस काय सुरेख चालत होती! अजून थोडं, अजून थोडं करत पाऊण सूत गेला. कडा गुळगुळीत केल्या. मामांना सांगितलं नाही, ह.ला सांगणार नाही. पळाल्याशी मतलब.

१७ नोव्हें., रवि.
इंजिन चढवलं. मी म्हटलं, रेतीची पोती भरून बघू या का? ह. हसला, "होरीत मासली भरायची. रेती कशाला?" मीही हसलो.
रिकामी होडी, शांत पाणी. सुरुवातीला जरा घुटमळली, मग आवाज चढला. पळाली! ह. उभा राहून बोंबलत होता. त्याच्या बायकोने, यशोदेने, मला भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. चार खाल्ल्या. घरी येताना सायकल हात सोडून चालवली. वय वर्षे एकतीस.

२१ नोव्हें., गुरु., अमावस्या
आज उधाण. ह. जाळी घेऊन गेला असेल. कारखान्यात लक्ष नाही. एक बुश जास्त कापला, बोलणी खाल्ली. उगाचच घड्याळ बघतो.

२२ नोव्हें., शुक्र.
वेसाव्याहून येणाऱ्या बर्फवाल्याने सांगितलं. काल ह.ची होडी खाडीच्या तोंडाशी अडकली. जाळी भरून आली होती. परतताना ओहोटी लागली, भरलेली होडी पुढे सरकेना. इंजिन कण्हायचं, गरम व्हायचं, बंद पडायचं. शेवटी नांगर टाकून भरतीची वाट बघत बसले. चुलता हात करून शेजारून गेला. यशोदा पाट्या मांडून दिवसभर किनाऱ्यावर. बोंबील मऊ पडले, बाजाराला एक पाटी नाही. सगळे वाळत घातले.

२४ नोव्हें., रवि.
गेलो. ह. इंजिनापाशी उकिडवा बसलेला. मला बघून वरमला. मला बघून!
"माजीच चूक रं. पेट्रोलात तेल जास्ती परलं असंल."
यशोदा आतून, "मी सांगत होती, मोजून घाल."
तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. आणि म्हणालो काय, तर "हो, तेल बेताने घालत जा." मग प्लग साफ करून दिला, जसा काही मी उपकारकर्ता. भाकरीला थांबलो नाही.

२५ नोव्हें., सोम.
डोकं भणभणतंय. कारण कळलंय, रविवारीच कळलं होतं. मोटारसायकलला धाव लागते. भरलेल्या होडीला ओढ लागते. धूर लवकर सुटला तर फेरे जास्त असताना फायदा, पण ओझ्याखाली फेरे चढतच नाहीत. मग दट्ट्याला रेटा मिळायच्या आत सगळं धुराड्यातून बाहेर. अर्ध्या सुतावर कदाचित निभावलं असतं. पाव सूत माझ्या हौसेचा.
नवा सिलिंडर? फोर्टातल्या दुकानात विचारलं. परदेशी माल, परवाना नाही, सांगता येत नाही.
सु.ने विचारलं काय झालं. तिच्यावरच खेकसलो. तिने ताट उचललं आणि आत गेली. मी मूर्ख आहे.

२६ नोव्हें., मंगळ.
संध्याकाळी वेसाव्याला. ह. जाळं विणत होता. उभ्या उभ्याच सांगितलं. कबूल अर्धा केला, घासला पाऊण. तेलाचा काही संबंध नाही.
सुई चालूच.
"परवा का नाय बोललास? घरात मी शिव्या खातंय."
"लाज वाटली."
"माज्यासमोर? तू नि मी एका छडीनं मार खाल्लाय."
त्याने दोरा दाताने तोडला. मग म्हणाला, "इंजिन घेऊन जा. नीट करून आन. माजे पोटावर पाय ठेवू नको." यशोदा बाहेर आली नाही.

२७ नोव्हें., बुध.
मामांपुढे सिलिंडर ठेवला, सगळं ओकलो. शिव्या देतील वाटलं. नुसतं बोट आत घालून कड चाचपली. मग म्हणाले, खिडकी खाली आणूक येणा नाय, पण आख्खो सिलिंडरच खाली आणूया. म्हणजे बूड लेथवर कापायचं. जितकं कापू तितकी खिडकी खाली बसेल. वर दट्ट्या हेडला आपटू नये म्हणून हेडखाली तांब्याचा पत्रा. अक्कल अशी असते. पण दुसरी खिडकीही खाली जाणार, ती थोडी झाकली जाणार. एक सुधारताना दुसरी किती बिघडेल, हे मामाही सांगत नाहीत.

३० नोव्हें., शनि.
पाळी सुटल्यावर लेथ. मामांनी सिलिंडर आतून लाकडी दांडक्यावर घट्ट बसवला. घसरला असता तर खलासच. मी पात्यावर नजर लावून. मामा मात्र मधे थांबून तंबाखू मळतात! किती कापायचं? मी म्हटलं पाव सूत. "पाव म्हणजे पाव मां? तुझो पाव नको." माप त्यांनीच घेतलं. बरोबर पाव.

१ डिसेंबर, रवि.
चढवलं. आज न विचारता पोती भरली, रेतीची, काठोकाठ. ह. स्वतः खांद्यावरून आणत होता. होडी ओढली. चुलत्याएवढी नाही, आधीएवढीही पळत नाही, पण ओढली. मी ओरडणार होतो. ह.ने पाण्याकडे बोट केलं. पुन्हा भांग. ओहोटीला जोरच नव्हता. उधाणाशिवाय खरं-खोटं कळायचं नाही.
यशोदेने चहा दिला. भाकरी नाही.

५ डिसें., गुरु.
सु.ला सगळं सांगितलं. म्हणाली, "मग शनिवारी उधाणाला तुम्हीच जा ना त्यांच्याबरोबर." मला पोहता येत नाही, हे तिला माहीत आहे. तरी म्हणाली. रजेचा अर्ज टाकला.

७ डिसें., शनि., पौर्णिमा
वेसावे. किनाऱ्यावर बसून लिहितोय, सकाळ. जाळी चढली, खलाशी चढले. पाणी आत्ताच जोरात आहे, परतताना ओहोटी समोरून असेल. इंजिन दोनदा तपासलं, तिसऱ्यांदा हात लावला तर ह.ने हात बाजूला केला.
होडीत शीड आहे. वल्हीही. इंजिन घेतल्यापासून त्याने कधी नेली नव्हती. बघून बोचलं. विचारलंच, "शीड कशाला?"
"इंजिनचा भरवसा नाय."
"आणि माझा?"
"तुजा नसता तं होरीत घेतला असता का?"
त्याने हाक मारली. वही यशोदेकडे ठेवून होडीत चढतो.