मुकादमाने कडी लावली

प्रिय रंगारीबुवा,

तुला हे नाव आवडत नाही, माहीत आहे. पण लहानपणी तू भिंतीवर, फ्रिजवर आणि एकदा मी झोपलेलो असताना माझ्या टकलावर रंगकाम केलंस, तेव्हापासून माझ्या तोंडात तेच बसलंय. आता शहरभर दुकानांच्या पाट्या रंगवतोस म्हणजे नाव काही चुकलं नव्हतं. माझं पत्र बघून तू आधी आईला फोन करशील, 'बाबांना काय झालंय?' म्हणून. करू नकोस. काही झालेलं नाही. म्हणजे झालंय, पण आधी सहलीचं सांगतो, कारण तुझ्या आईने तुला काही सांगितलंच असेल तर त्यात तिने कुत्र्याची बाजू घेतलेली असणार.

आपल्या कुलपांच्या दुकानासमोरच्या दातांच्या डॉक्टरांची एक लोखंडी पेटी आहे. तिची किल्ली हरवली आणि आत नऊ जणांच्या तयार कवळ्या अडकल्या. नऊ माणसं घरी बसून पातळ खिमट खातायत आणि डॉक्टरांना फोनवर बोबड्या शिव्या देतायत, अशी परिस्थिती. पेटी दुकानात आली. मी सकाळभर झटलो, मग तेल सोडून 'उद्या बघू' म्हणून ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी उघडली. डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी आपली कॅराव्हॅन चार दिवस वापरायला दिली. मोटारीच्या मागे जोडून न्यायचं फिरतं घर! बिछाना, शेगडी, बेसिन, सगळं आत. सोबत सूचनांचे चार कागद दिले. पाय पुसून आत या, पडदे ओढू नका, कुठे ओरखडा नको. कुत्र्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मी म्हटलं, मुकादमाला शेजारी ठेवू. तुझी आई म्हणाली, "नको असं कुठे लिहिलंय? दाखवा." मी चारही कागद दोनदा वाचले. मुकादम आला.

मागे तू आलास तेव्हा तो बुटाएवढा होता. आता बत्तीस किलोचा आहे. काम काही करत नाही, पण घरात कोणी काम करायला लागलं की समोर येऊन बसतो आणि नीट चाललंय ना ते बघतो. आईने नाव अगदी बरोबर ठेवलंय. निघाल्यावर पहिली पंधरा मिनिटं तो शहाण्यासारखा बसला. मग त्याने मागच्या काचेतून बाहेर पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की एक भलंमोठं पांढरं घर आपला पाठलाग करतंय. आपण वळलो की तेही वळतंय. तो अडीच तास भुंकला. मध्ये थांबला ते फक्त ओकायला. एकदा टॉवेलवर, एकदा माझ्या बॅगेवर, आणि बॅगेची चेन उघडी होती. तुझी आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "घाबरला बिचारा." लग्नाला एवढी वर्षं झाली, गाडी लागली म्हणून माझ्या पाठीवरून हात फिरवल्याचं मला तरी आठवत नाही.

मुक्कामाची जागा तळ्याकाठी होती. पंधरा-वीस कॅराव्हॅन ओळीने उभ्या आणि जवळजवळ प्रत्येकीसमोर एक कुत्रा. शेजारी एक बाई होत्या, त्यांच्याकडे तीन छोटी पांढरी कुत्री, तिघांना सारखे स्वेटर. आम्ही त्यांचं नाव तिळ्यांची आई ठेवलं. त्यांनी नुसतं बोट वर केलं की तिन्ही कुत्री ओळीत बसायची. मुकादमाने हा प्रकार मान तिरकी करून बराच वेळ पाहिला. मी मनात म्हटलं, चला, संगतीने काहीतरी शिकेल. मग तो उठला, त्या ओळीच्या मागून गेला आणि तिघांचं जेवण खाऊन आला. माफी मागायला मी गेलो. तुझी आई गेली ती ओळख वाढवायला. संध्याकाळपर्यंत सगळ्या तळावर पसरलं की आमचे हे कुलूपवाले आहेत, जगात असं कुलूप नाही जे ह्यांना उघडत नाही. मी तिला खुणेने गप्प करत होतो, पण ती रंगात आली होती. दोन माणसं तर आपल्या बॅगांची कुलपं घेऊन आली. मी म्हटलं, सुट्टीवर आहे. खरं कारण वेगळं होतं. ते पुढे येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाने बदक पाहिलं आणि तळ्यात उडी घेतली. उडी घेतल्यावर त्याला आठवलं की आपल्याला पोहता येत नाही. खरं तर येत होतं, पण विश्वास नव्हता. मी कमरेपर्यंत पाण्यात शिरून त्याला काढला. बाहेर येऊन त्याने माझ्याजवळ उभं राहून अंग झाडलं, म्हणजे कमरेच्या वरचंही भिजलं. माझे बाकीचे कपडे बॅगेच्या त्या प्रकारानंतर धुऊन दोरीवर लावलेले होते, ओलेच. म्हणून तुझ्या आईने मला तिचा गाऊन दिला. जांभळी फुलं, गळ्याला लेस. "तासाभराचा तर प्रश्न आहे, कोण बघतंय?" म्हणाली.

तिने मुकादमाला पुसून आत बसवलं, शेगडीवर मंद आचेवर दूध ठेवलं आणि टॉवेल वाळत घालायला मिनिटभर बाहेर आली. मी दाराशेजारी खुर्चीत, गाऊनने पाय झाकत बसलो होतो. वाऱ्याने दार लागलं. आपल्याला एकट्याला कोंडलं असं वाटून मुकादम दोन पायांवर उभा राहिला आणि त्याने दारावर पंजे टाकले. एक पंजा बरोबर आतल्या खटक्यावर. खट्.

पंचेचाळीस वर्षं ज्या आवाजावर आपलं घर चाललं तो आवाज मी ओळखणार नाही? मी दार ओढलं. लागलेलं. किल्ली आत खुंटीला. माझ्या हत्यारांची पिशवी आत, पलंगाखाली. खिडक्या आतून बंद, कारण पडदे उडू नयेत असं सूचनांच्या तिसऱ्या कागदावर होतं. शेगडी चालू, वर दूध. दूध उतू गेलं की आच विझणार आणि मग नुसता गॅस सुटत राहणार, आणि आत तो गाढव खिडकीच्या काचेला नाक लावून आमच्याकडे बघून शेपूट हलवतोय.

तुझ्या आईने हाक मारली तशी माणसं धावली. तळाचा रखवालदार हातोडी घेऊन आला आणि म्हणाला, काच फोडतो. खरं म्हणजे तेच करायला हवं होतं. पण तिळ्यांची आई म्हणाली, "अहो फोडता कशाला, ते स्वतः कुलूपवाले आहेत ना!" आणि सगळे वर्तुळ करून माझ्याकडे बघायला लागले. तीन स्वेटरवाली कुत्रीसुद्धा ओळीत बसली. कोणीतरी केसांची पिन दिली, कोणी तार दिली. साधं कुलूप, रे. असली कुलपं मी गप्पा मारत, रस्त्यावरची गंमत बघत उघडलीत. मी गाऊन सावरून दारासमोर गुडघ्यावर बसलो.

पिन भोकापर्यंत गेली आणि थरथरायला लागली. म्हणजे पिन नाही, हात. मी उजवा हात डाव्याने धरला, तर दोन्ही थरथरायला लागले. पिन गवतात पडली. शोधली. पुन्हा पडली. मी म्हटलं, "गंजलंय आतून." नव्या कोऱ्या कुलपाला! तिसऱ्यांदा पडली तेव्हा मागचं कुजबुजणं थांबलं. लोक हसले असते तर बरं वाटलं असतं. आतून मुकादम काच चाटत होता आणि दुधाचा फेस वर येताना मला दिसत होता.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. तुझी आई म्हणाली, "अहो, सरका जरा." मी सरकलो. तिने पिनेचं प्लास्टिक दाताने सोललं, टोक वाकवलं, तार खाली लावली, डोळे मिटले आणि कान दाराला टेकवला. अगदी माझ्यासारखा, जीभ जराशी बाहेर काढून. चाळीस मोजायच्या आत दार उघडलं. दुधाने आच नुकतीच विझवली होती. तिने आत जाऊन बटण फिरवलं, खिडक्या ढकलून उघडल्या, आणि एखाद्या समारंभाचे प्रमुख पाहुणे यावेत तसा मुकादम पायऱ्या उतरून बाहेर आला. तोंडात लोण्याचा कागद होता. आख्खा पाव आणि लोणी त्याने त्या पाच मिनिटांत संपवलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या तुझ्या आईसाठी, पण त्याला वाटलं आपल्यासाठीच.

दुपारी कपडे वाळल्यावर तळ्याकाठी जाऊन बसलो. ती आली, शेजारी बसली. मुकादम मध्ये घुसला. मी विचारलं, "कुठे शिकलीस?" ती म्हणाली, "इतकी वर्षं डबा घेऊन येतेय आणि तुम्ही जेवेपर्यंत समोर बसतेय. डोळे मिटून बसत होते का मी?" मग म्हणाली, "आणि तेलाने कुलपं सुटत नसतात हो." मला आधी समजलं नाही. मग समजलं. गेलं वर्षभर जी कुलपं मी 'उद्या बघू' म्हणून तेलात ठेवत होतो, ती दुपारी मी आत झोपलो की तुझी आई उघडून पुन्हा नुसती अडकवून ठेवायची. सकाळी ती माझ्या हातात सुटायची आणि मी गिऱ्हाइकाला सांगायचो, बघा, अनुभव! मी विचारलं, "कवळ्यांची पेटी?" ती म्हणाली, "तिने मात्र दोन दुपारी खाल्ल्या असत्या, पण नऊ माणसं उपाशी होती म्हणून जेवण सोडून बसले." म्हणजे ही सहलसुद्धा तिच्या कष्टाची होती आणि मी तिला गाडी चालवताना ऐकवत होतो की बघ, माझ्या हाताची कमाई.

मला राग आला. खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, मला सांगायचं नाही का? ती म्हणाली, "तुम्ही मला सांगितलंत का हात थरथरतात म्हणून? चहाचा कप अर्धाच भरून घ्यायला लागलात, तेव्हापासून वाट बघतेय." मुकादमाने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मला वाटलं, याला तरी कळतंय. त्याला माझ्या खिशातलं बिस्किट हवं होतं.

परत आल्यावर ती मला हात दाखवायला दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. वयाचा कंप आहे म्हणाले, जिवाला धोका नाही, पण बारीक काम आता जमणार नाही. तेव्हा घाबरू नकोस. तुझ्या आईला मी म्हटलं, दुकान बंद करू. ती म्हणाली, बंद कशाला, आता उघडपणे मी बसते, तुम्ही गिऱ्हाइकांशी बोला, ते तुम्हाला छान जमतं. मुकादम दारात बसेलच. पण तिची एक अट आहे आणि त्यासाठीच हे पत्र. तीन दिवस लिहितोय, अक्षर लावून वाच. ती म्हणते, "पाटीवर माझं नाव पाहिजे." आणि पाटीवर जागा नाही, कारण माझ्या नावानंतर 'आणि चिरंजीव' असं लिहिलंय. तू चार दिवसांचा होतास तेव्हा मी ते लिहवून घेतलं होतं, तुला न विचारता. तू रंगाचे डबे घेऊन बाहेर पडलास त्या दिवशी मी तुला त्या पाटीकडे बोट दाखवून नाही नाही ते बोललो. त्याला नऊ वर्षं झाली. आईला भेटायला येतोस तेव्हा तू समोरच्या फुटपाथने येतोस, पाटीखालून येत नाहीस, हे मला काउंटरवरून दिसतं. ते दोन शब्द मी कधीच काढायला हवे होते. काढले तर तू कायमचा गेलास असं होईल, ही भीती होती. आता काढायचेत, आणि दुसऱ्या कोणा रंगाऱ्याला मी त्यांना हात लावू देणार नाही. तू ये. तूच पूस ते. तिथे आईचं नाव लिही, माझ्या आधी, जरा मोठं. रंग तुझ्या मनाचा, मी एक शब्द बोलणार नाही. बोललोच तर आई आहे. शिडी मी धरेन. तेवढं जमतं अजून, दोन्ही हातांनी धरावी लागते इतकंच.

तुझाच,
आईच्या दुकानातला बोलका मदतनीस,
बाबा